वर्षातल्या एकशे बासष्ट सकाळी

मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला तीन नियम सांगितले. चपला मागच्या दाराशी काढायच्या. फोडणी टाकण्याआधी खिडकी उघडायची, कारण स्मोक अलार्म फार हळवा आहे. आणि तिसरा असा: "सकाळी मॅच चालू असेल तेव्हा मी घरात दिसलो तरी घरात नाही, असं समजायचं. आग लागली तर हाक मारायची. पण आधी आपण होऊन विझते का बघायचं."

मी तिन्ही नियम वहीत लिहून घेतले. ते माझ्या हाताकडे बघत होते. "पेनाने लिहितेस," ते म्हणाले, "बरं आहे." एवढ्यावर खोली मला मिळाली. त्यानंतर मी चार वर्षं त्या घरात राहिले.

घर ऑस्ट्रेलियात, वेस्टमीडला, हॉस्पिटलपासून चालत बारा मिनिटांवर. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, अजूनही आहे. माझी शिफ्ट दुपारी दीडला सुरू व्हायची, त्यामुळे सकाळ मोकळी असे. पहिल्या आठवड्यातच मी सकाळची कामं वारांप्रमाणे वाटून टाकली आणि त्या यादीत त्यांच्या मॅचचे तीन तास 'आवाज न करणारी कामं' म्हणून आखून घेतले.

मॅच म्हणजे क्रिकेट असणार, असं मी धरून चालले होते. सत्तरीचा मराठी माणूस, रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेला, दुसरं काय बघणार? पण दुसऱ्या दिवशी नऊ वाजता जेवणाच्या टेबलावरच्या स्पीकरमधून दोन अमेरिकन माणसं बोलायला लागली. बोलणं संथ, मध्येमध्ये लांब थांबे, मागे गर्दीची कुजबुज. काका लांबरुंद वही उघडून बसले होते. उजव्या हाताला फूटपट्टी, डाव्या हाताला दोन पेनं, समोर चहा. तो त्यांनी बारा वाजेपर्यंत प्यायला नाही.

ते बेसबॉल होतं.

"तुम्ही क्रिकेट नाही बघत?" मी नंतर विचारलं.

"क्रिकेटला माणसं भरपूर आहेत. माझ्यावाचून अडत नाही."

"आणि याला?"

"याला इथे मी एकटाच आहे." ड्यूटीवर असलेल्या माणसाने सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं.

त्यांचा संघ अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका शहराचा होता. नाव लिहीत नाही, कारण त्या संघाबद्दल माझ्याकडे चांगलं सांगण्यासारखं काही नाही. तो हरायचा. जुलै उजाडेपर्यंत त्याचं काही खरं नाही हे सगळ्यांना कळलेलं असायचं आणि तरी सप्टेंबरअखेरपर्यंत तो जवळपास रोज खेळायला उतरायचा. एका सीझनला एकशे बासष्ट सामने. काका एकशे बासष्टच्या एकशे बासष्ट ऐकत आणि प्रत्येक सामना वहीत उतरवून घेत. प्रत्येक फलंदाजाला एक चौकोन आणि त्या चौकोनात त्याचं काय झालं ते, खुणांनी आणि आकड्यांनी. महिन्याभरात मला त्या खुणा थोड्याफार वाचता यायला लागल्या. नीट ठेवलेली वही कुणाचीही असो, मी त्यात डोकावते.

वहीचा नियम एकच होता. ऐकता ऐकता लिहायचं आणि पेनाने लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, पण आधीचं वाचता आलं पाहिजे. "खोडरबर वापरला की वही खोटी," ते म्हणत.

तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, आणि तीसुद्धा दुसऱ्या दिवसाची. स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी होती, एक एकादशी-चतुर्थीचं आणि एक संघाचं. मी मंगळवार म्हटलं की ते संघाच्या कॅलेंडरकडे बघून म्हणत, "इथे. तिकडे अजून सोमवार आहे." रविवारचे सामने तिकडे दुपारी होत, म्हणजे आपल्या पहाटे. मग सोमवारी आठ वाजता ते रेकॉर्डिंग लावत. तोपर्यंत निकाल कानावर पडू नये म्हणून फोन स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावून ठेवत. तो निकाल माहीत असलेला माणूस अख्ख्या वेस्टमीडमध्ये शोधून सापडला नसता, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

सामना नसेल तो दिवस त्यांना जड जायचा. त्या दिवशी ते गवत कापत, छपराच्या पन्हळीतली पानं काढत, फार्मसीत जाऊन येत, आणि दहा वाजता सगळं आटपून टेबलाशी येऊन बसत. समोर वही नाही, काही नाही. मी कपडे वाळत घालायला जाताना खिडकीतून दिसायचे.

आणि खरा उन्हाळा तर पुढेच असायचा. ऑक्टोबर उजाडला की सीझन संपला, ते थेट मार्चअखेरपर्यंत. इथे ऊन तापायला लागतं, शाळांना सुट्ट्या लागतात, लोक समुद्रावर जातात आणि यांच्या सकाळी रिकाम्या. पहिल्या जानेवारीत एकदा मला टेबलावरून त्यांचा आवाज ऐकू आला. पाहुणे आले असतील म्हणून मी चहाला विचारायला गेले. कुणी नव्हतं. ते कुठल्या तरी जुन्या वर्षाची वही उघडून एकेक चौकोन मोठ्याने वाचत होते. "पहिला चेंडू बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा मारला, उंच, डावीकडे." पानाच्या शेवटी जो हरायचा तो हरलाच. त्यांनी वही मिटली आणि मला म्हणाले, "माहीत होतं, पण तरी."

हे खूळ लागलं कुठून, ते त्यांनी मला अशाच एका रिकाम्या दिवशी सांगितलं. तरुणपणी तेव्हाच्या कंपनीने त्यांना चौदा महिन्यांसाठी त्या शहरात पाठवलं होतं. तिथे ते एका म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेऊन राहत. बाई फारसं बोलायची नाही. संध्याकाळी ओसरीवर रेडिओ लावून मांडीवर वही घेऊन बसायची. यांना कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून हेही जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी तिने शेजारच्या खुर्चीवर एक पेन ठेवलं.

"काय बोलायचात तुम्ही?"

"काही नाही. बसायचो." मग म्हणाले, "माणसं एकमेकांशी बोलतात हे ठीक आहे. पण एकाच गोष्टीकडे तोंड करून बसणं निराळं."

पुढे लग्न, रेल्वेतली नोकरी, ऑस्ट्रेलिया. मधली तीसेक वर्षं ते फक्त निकाल बघायचे. वही पुन्हा सुरू झाली ती काकू गेल्यावर. हे मला त्यांच्या मुलीने सांगितलं. मुलगी डार्विनला सरकारी नोकरीत, माझ्याच वयाची. "आई मार्चमध्ये गेली आणि एप्रिलमध्ये हे चालू झालं," ती म्हणाली, "आय थॉट, ठीक आहे, एक सीझन. सात सीझन झाले."

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला ते यायचे, मीच गाडीतून न्यायची. तिथे एक गृहस्थ दरवर्षी हटकून विचारायचे, "काय हो, तुमच्या टीमने यंदा तरी काही उजेड पाडला का?"

"नाही," काका म्हणायचे, "पण रोज आली."

गृहस्थ हसायचे. मीही हसायची. आता ते वाक्य आठवतं तेव्हा मी हसत नाही. काका डार्विनला गेले त्याला दोन पावसाळे झाले, तिकडचे पावसाळे.

माझ्या चौथ्या वर्षी सप्टेंबरात त्यांची बायपास ठरली. मुलगी बारा दिवसांसाठी आली. आल्या दिवसापासून तिचा एकच विषय होता.

"बाबा, यू कान्ट लिव्ह हिअर अलोन. तिकडे खाली अख्खी खोली रिकामी आहे. इथे कोण आहे तुमचं?"

"आहे."

"कोण?"

त्यांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. मी भांडी पुसत होते. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली की भाडेकरू आणि घरचं माणूस यात फरक असतो. काका म्हणाले, "बघू. दहा दिवसांनी सांगतो."

ती बाहेर गेल्यावर त्यांनी मला टेबलाशी बसवलं. ते हॉस्पिटलात असताना नऊ सामने होणार होते. ते मी उतरवून ठेवायचे होते. "तुझी सकाळ मोकळी असते. खुणा तुला येतात. एखाद्या सकाळी जमलं नाही तर रेकॉर्डिंग आहे, पण निकाल बघायचा नाही. डब्यात फोन ठेव."

"काका, इतका हरणारा संघ आहे. नऊ सामने नाही लिहिले तर काय होईल?"

"मग मला डार्विनला जायला हरकत नाही," ते म्हणाले. हसत म्हणाले, पण पेन माझ्या हातात दिलं.

मी यादी केली. नऊ सामने, नऊ तारखा, इकडच्या आणि तिकडच्या, पुढे टिक करायला जागा.

पहिले दोन मी बसून ऐकले. ऑपरेशनच्या दिवशी तर मला त्या दोन माणसांच्या आवाजाचा आधारच वाटला. निम्मं कळत नव्हतं, पान खाडाखोडीने भरलं, एका चौकोनावर चहा सांडला. तिसऱ्या दिवशी लॅबमधली एक बाई आजारी पडली आणि मला सकाळी सातला बोलावलं. तिसऱ्या दिवसाला कारण होतं. चौथ्या, पाचव्या, सहाव्याला नव्हतं. मी नऊ वाजता टेबलाकडे बघायची आणि मनात यायचं, तीन तासांत किती कामं होतील. मी फ्रीज साफ केला, चादरी धुतल्या, गाडी सर्व्हिसिंगला दिली. शनिवारी लॅपटॉप उघडला. संघाच्या साइटवर प्रत्येक सामन्याचा, प्रत्येक चेंडूचा तपशील होता. मी चारही पानं पेनाने, पट्टी लावून, सुरेख भरली. दोनदा ताडून पाहिली. टिक केल्या. पुढचे तीन पुन्हा बसून ऐकले आणि त्याने माझं समाधान झालं.

ते घरी आले. मुलगी रजा संपल्यामुळे आदल्या दिवशीच परत गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीशी उशी धरून ते टेबलाशी बसले आणि वही मागितली.

पहिल्या पानाला हसले. "या माणसाला एकाच डावात दोनदा बाद केलंस."

"मला कळलं नाही तेव्हा."

"असू दे. त्यालाही कळत नाही." चहाच्या डागावरून त्यांनी बोट फिरवलं. दुसरं पान झालं. तिसरं, चौथं. तिथे एका चौकोनावर बोट थांबलं.

"इथे हिट लिहिलंयस."

"हो."

"आधी काय लिहिलं होतंस?"

"हिटच."

मग अगदी शांतपणे त्यांनी मला समजावून सांगितलं. फलंदाजाने मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटला, तर ती त्याची चूक की फलंदाजाची कमाई, हे मैदानातला एक अधिकारी तिथल्या तिथे ठरवतो. कधीकधी दोन दिवसांनी तो आपला निर्णय बदलतो. या चेंडूला त्या दिवशी चूक दिली होती. दोन दिवसांनी तिची हिट केली. वॉर्डात नर्सने त्यांना पंधरा मिनिटं फोन कानाला लावू दिला होता, तेव्हा समालोचक तेच सांगत होता. ज्याने सामना ऐकला असेल त्याच्या वहीत त्या चौकोनात चूक असणार. फार तर वर रेघ मारून हिट.

"पान छान आहे," ते म्हणाले, "एकही खाडाखोड नाही. कधी भरलीत ही तुम्ही?"

चार वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा तुम्ही म्हटलं.

"शनिवारी."

"चारही?"

"चारही."

"किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं."

"बारा तासांचं काम," ते म्हणाले. "बरीच बचत झाली."

"काका, सगळं बरोबर आहे. मी दोनदा ताडून पाहिलंय."

"बरोबर आहेच. बरोबर तिकडेही लिहून ठेवलंय, कॉम्प्युटरवर, माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा चांगलं. मला बरोबर नको होतं. मी तुम्हाला बसायला सांगितलं होतं."

लॅबमध्ये माझ्या हाताखालच्या कुणी नमुना मशीनमध्ये न घालता आकडा भरला असता, तर आकडा बरोबर निघाला असता तरी मी त्याच दिवशी लेखी तक्रार केली असती. एकदा केलीही आहे. हे मला टेबलाशी उभं असतानाच सुचलं, आणि त्याचा उपयोग काही नव्हता.

त्यांनी पानं फाडली नाहीत. चारही पानांच्या माथ्यावर 'ऐकला नाही' असं लिहिलं, सावकाश, कारण हात उचलताना छाती दुखत होती. मग वही मिटून खोलीत गेले. मी भाजी चिरायला घेतली. दार उघडंच होतं, त्यामुळे फोनवर ते काय बोलले ते मला ऐकू आलं.

"हां, बोल. तेच सांगायला केला. तिकिटं काढ." मग, "नाही गं, काही झालेलं नाही. इथे तरी कोण आहे."

नोव्हेंबरात ते डार्विनला गेले. घर आवरण्याचं सगळं मी केलं, ते मला उत्तम येतं. खोक्यांना आकडे घातले, प्रत्येक खोक्यात काय आहे त्याची यादी वरून चिकटवली, काय द्यायचं, काय टाकायचं, काय डार्विनला धाडायचं, सगळं रंगांनी वेगळं केलं. त्या दीड महिन्यात ते माझ्याशी चांगलंच वागले. चहा विचारायचे, लॅबची चौकशी करायचे. टॅक्सीत बसताना म्हणाले, "पॅकिंग उत्तम केलंत तुम्ही. आभारी आहे." मी वाकून नमस्कार केला. सीटबेल्ट लावलेला होता, त्यामुळे त्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवता आला नाही. कदाचित त्याचमुळे असेल.

मी जवळच एक युनिट, म्हणजे छोटा फ्लॅट, घेतलं. तिथे कुणाला आवाजाचा त्रास नव्हता. सकाळची कामं मी पुन्हा वारांप्रमाणे वाटली आणि ती साडेनऊपर्यंत संपायला लागली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी, दहाच्या सुमाराला मी डार्विनला फोन केला. माफी मागायची होती. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, चार मुद्दे. फोन मुलीने घेतला.

"ही इज लिसनिंग," ती म्हणाली. "मॅच चालू असताना ते कुणाशी बोलत नाहीत. यू नो दॅट. संपली की सांगते त्यांना, करतील फोन."

"नको. मी थांबते."

"अगं, अजून दोन तास आहेत."

"चालेल. तू फोन फक्त टेबलावर ठेव. स्पीकरजवळ."

तिला ते विचित्र वाटलं असणार, पण तिने ठेवला. तेच दोन आवाज. नवांपैकी चौथा डाव चालू होता. संघ हरत होता. मी युनिटच्या टेबलाशी बसले, समोर चार मुद्द्यांचा कागद, तो उलटा केला आणि त्यावर चौकोन आखले. पाचवा डाव झाला. मधूनमधून पेनाचा आवाज यायचा, एकदा खोकला, एकदा खुर्ची सरकली. सहाव्याच्या मध्यावर तिकडे पाऊस आला आणि खेळ थांबला. समालोचक बोलत राहिले. मीही बसून राहिले. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं.

मग कुणीतरी फोन उचलला.

"कोण आहे?"

"मी."

"कधीपासून?"

"चौथ्या डावापासून."

"हं. सहाव्यात काय झालं?"

"अजून काहीच झालं नाही. पाऊस आहे. मैदानावर ताडपत्री घातली आहे. ते दोघं मघापासून बटाट्याच्या सॅलडबद्दल बोलतायत. एकाची आई त्यात सफरचंद घालायची."

तिकडे खुर्ची सरकली. मला वाटलं, फोन ठेवतायत.

"सफरचंद," ते म्हणाले. "मूर्ख आहे तो. पहिल्यापासूनच."

"हो."

"तासभर तरी लागेल आता. थांबणार असशील तर थांब."

"थांबते."

फोन पुन्हा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिकडचा पाऊस बारीक ऐकू येत होता. साडेबारा झाले, एक वाजत आला, खेळ सुरू झाला नव्हता. मी दुसऱ्या हाताने लॅबच्या अ‍ॅपवर उशीर होणार असल्याचं कळवलं. खाली कारण लिहायला चौकोन होता. तो मी रिकामा सोडला.